पाय ताजे, मेंदू दमलेला

पडद्यावर शब्द येतो ‘लाल’, पण अक्षरं हिरवी. उत्तर द्यायचं ते रंगाचं, शब्दाचं नाही. वाचायची सवय इतकी मुरलेली की ‘लाल’ आधी ओठांवर येतं आणि दर वेळी ते गिळून ‘हिरवा’ म्हणावं लागतं. खुर्चीत बसून अर्धा तास हेच. मग उठून ट्रेडमिलवर पाच किलोमीटर, जमेल तितक्या जोरात.

बेंजामिन पाझो आणि सहकाऱ्यांनी 2014 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. शब्द आणि रंग जुळणारे असले, म्हणजे मनाला आवरायची गरज नसली, तर धावणाऱ्यांना सरासरी 23.1 मिनिटं लागली. न जुळणारे असले तर 24.4. पायांनी तोवर काहीच केलं नव्हतं, तरी मिनिटाहून जास्त वेळ गेला!

मग नेमकं दमलं काय?

याचा माग सॅम्युएले मार्कोरा यांनी वेल्समधल्या बँगर विद्यापीठात आधीच काढला होता. 2009 सालच्या त्यांच्या प्रयोगात 16 जण होते. एका दिवशी दीड तास डोकं शिणवणारं काम, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ माहितीपट बघायचा. नंतर दोन्ही दिवशी व्यायामाच्या सायकलवर अगदी हात टेकेपर्यंत पेडल मारायचं. चांगल्या कामगिरीला 50 पौंडांचं बक्षीस होतं, म्हणजे कुणी उगाच अंग चोरणार नाही. माहितीपटानंतर लोक सरासरी 754 सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर 640. आणि हृदय, श्वास, रक्तातलं लॅक्टेट यांत ही तफावत समजावून सांगेल असं काहीच सापडलं नाही. इंजिन तेच होतं. बदललं होतं ते फक्त ‘किती जड जातंय’ याचं उत्तर.

हे उत्तर मोजायची पट्टी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी बनवली. ती 6 पासून 20 पर्यंत जाते. आकडे असे विचित्र का? कारण त्यांना दहाने गुणलं की साधारण हृदयाच्या ठोक्यांच्या जवळपास जातात: निवांत बसलेल्याचे 60, जीव तोडून पळणाऱ्याचे 200. दमलेल्या डोक्याचा माणूस सुरुवातीपासूनच या पट्टीवर वरचा आकडा सांगतो आणि शेवटच्या टोकाला लवकर पोचतो. दिवसभर आकडेमोड करून संध्याकाळी धावायला उतरणाऱ्याला नेहमीचाच वेग अंगावर येतो, तो असा. त्याची तयारी एका दिवसात कुठे जात नाही. याउलट एकदाच पूर्ण जोर लावायचा असेल, तर डोक्याच्या थकव्याने फारसं बिघडत नाही. मार लांब पल्ल्यालाच बसतो, कारण तिथे ‘अजून थोडं’ हा निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

मला सर्वांत थक्क करतं ते हे, की इटलीतल्या तुरिनचे अँजेलो मोस्सो यांना याची चाहूल एकोणिसाव्या शतकातच लागली होती. मधल्या बोटाने ठरावीक तालात वजन उचलायचं, कागदावर रेषा उमटत जाते आणि बोट दमेल तशी ती खाली येते, असं यंत्र त्यांनी केलं होतं. त्यांचे एक प्राध्यापक सहकारी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आले की त्यांचं बोट नेहमीपेक्षा लवकर हार मानायचं. 1891 सालच्या थकव्यावरच्या पुस्तकात मोस्सो यांनी हे नोंदवून ठेवलं आहे.

मेंदूत काय घडत असावं? मार्कोरा यांचा तर्क अॅडेनोसिनवर आहे. मेंदू राबतो तसं हे रसायन साठतं आणि कष्टाची जाणीव वाढवतं. कॉफीतलं कॅफीन अॅडेनोसिनचीच जागा अडवतं, त्यामुळे तर्क पटण्यासारखा आहे. पण तो अजून तर्कच आहे. शिवाय असे बहुतेक प्रयोग मोजक्या माणसांवर झालेत आणि प्रत्यक्ष परिणाम दिसतो त्याहून लहान असावा, असं काही संशोधक बजावतात. ते ऐकायलाच हवं.

पण ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने वेगळंच दार उघडलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रंगांच्या अर्ध्या तासानंतर हौशी सायकलपटू मंदावले, व्यावसायिक सायकलपटूंवर मात्र काही परिणाम दिसला नाही. आणि रंग ओळखतानाही त्यांचीच अचूक उत्तरं जास्त होती. थांबावंसं वाटलं तरी न थांबणं आणि ‘लाल’ गिळून ‘हिरवा’ म्हणणं, या दोन्हींच्या मागे मेंदूची एकच ताकद असावी. ती त्यांना जन्मतःच मिळाली की वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेली, हे त्या एका प्रयोगातून ठरत नाही.