तीन वर्तुळांचा मिकी

1994 सालची गोष्ट. सौभाग्यवती दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात आणि घरी लेकीचा पाचवा वाढदिवस. आईने मिकी माऊसचा केक कबूल केलेला. तो आता माझ्या गळ्यात पडला.

1928 साली 'स्टीमबोट विली'तून गाजलेल्या या उंदराचा एक गुण मोठा. तोंड कुठेही वळो, कान बहुधा गोलच दिसतात. म्हणजे डब्यात एक गोल, वाट्यांत दोन. घरात ओव्हन नव्हता. कुकरची शिट्टी आणि रबर काढले, तळाशी वाळू पसरली आणि मंद आचेवर आधी तोंड, मग कान भाजले. (पाणी घालायचे नाही, हे शेजारच्या काकूंनी धावत येऊन सांगितले म्हणून बरे!) इथवर ठीक. पण धीर कुठला? गरम केकवरच लोणी, साखर आणि कोकोचे आयसिंग थापले. ते वितळले, ओघळले आणि डावा कान घसरून ताटात आडवा झाला.

लेक बराच वेळ बघत राहिली. माझा जीव टांगणीला.

"बाबा, हा झोपलाय का?"

"हो."

केक कापताना उजव्या कानाला मात्र तिने सुरी लावू दिली नाही. तो डब्यात घालून संध्याकाळी आम्ही तिच्या आईकडे गेलो.