उपज आणि तिचे व्याकरण : पाच स्वरांपासून जॅझपर्यंत

उपज शिकवता येते काय, हा प्रश्न बडोद्याला नवा नाही. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 साली या शहरात गायनशाळा सुरू केली, तेव्हापासून तो येथे विचारला जात आहे. जी विद्या गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून मिळवावयाची, ती वर्गात, घंटेच्या हिशेबाने, फळ्यावर लिहून देता येईल काय, अशी शंका त्या काळी अनेकांना वाटली असल्यास नवल नाही. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसविली, क्रमिक पुस्तके लिहिली आणि गायनशाळा चालवून दाखविली. पुढे 1916 साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. त्या गायनशाळेची परंपरा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत चालू आहे.

आज तोच प्रश्न वेगळ्या वेशात आपल्या दारी आला आहे. मांजलपुरातील कित्येक घरांतून सायंकाळी गिटारचे स्वर ऐकू येतात. मुले चित्रपटगीते वाजवितात, कॉर्ड धरतात, बोटेही चपळ असतात. पण ‘आता तुझे स्वतःचे काही वाजव’ असे म्हटले की हात थांबतो. जॅझ या संगीतप्रकाराचा तर प्राणच उपज हा आहे. ती आपल्या मुलांना साधावयाची असेल, तर त्यांनी घरात आजीच्या हार्मोनियमवर ऐकलेले ज्ञान बाजूला ठेवावे लागते काय? माझे उत्तर असे की, मुळीच नाही. परंतु त्या ज्ञानाची मर्यादाही ओळखावी लागते.

हे संगीत आपल्याला परके नाही

जॅझ अमेरिकेत जन्मले हे खरे. पण त्याचा आपल्याकडील मुक्कामही जुना आहे. 1930 नंतरच्या दशकांत मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून जॅझचे वाद्यवृंद वाजत असत, आणि त्यांत गोमंतकीय वादकांचा भरणा मोठा होता. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेली ही मंडळी. त्यांच्यापैकी चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक अंतोनिओ झेव्हियर वाझ यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. 1951 सालच्या ‘अलबेला’ चित्रपटातील गाण्यांचा नाचरा ठेका ज्यांच्या कानांत आहे, त्यांनी या संगीताची चव नकळत घेतलेलीच आहे.

गिटारच्या संदर्भात अमान्सियो डि’सिल्वा (1936–1996) यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. मुंबईत जन्मलेला, गोमंतकीय कुटुंबातील हा वादक 1960 नंतरच्या दशकात लंडनला गेला. तेथे 1969 साली त्यांची ‘इंटिग्रेशन’ ही ध्वनिमुद्रिका आणि जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासमवेत केलेली ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. या शीर्षकांतच त्यांचा विचार दिसतो. भारतीय स्वरबंध आणि जॅझची उपज एका गिटारवर शेजारी नांदू शकतात, हे त्यांनी वाजवून दाखविले.

एका आकृतीत पाच राग

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. पाश्चात्य पद्धतीत पाच स्वरांच्या सप्तकास ‘पेंटॅटॉनिक’ म्हणतात. आपण त्याला औडव म्हणतो. गिटारच्या सहा तारा जाडीपासून बारीकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावलेल्या असतात. पाचव्या पडद्यापाशी हात स्थिर ठेवून प्रत्येक तारेवर दोनच स्वर घ्यावेत : सर्वांत जाड तारेवर पडदे 5 व 8, पुढील तीन तारांवर 5 व 7, आणि शेवटच्या दोन तारांवर पुन्हा 5 व 8. सी या स्वराला षड्ज मानल्यास हे स्वर क्रमाने असे येतात : ध सा, रे ग, प ध, सा रे, ग प, ध सा. म्हणजे भूपाचेच स्वर झाले! जगभरचे गिटारचे विद्यार्थी जी आकृती पहिल्या महिन्यात शिकतात, तीत आपला भूप बसलेला आहे.

आता पडदे तेच ठेवून षड्ज तेवढा हलवावा. आपल्याकडे यालाच मूर्च्छना म्हणतात. भूपाच्या रिषभाला षड्ज मानले, तर सा रे म प कोमल नि, म्हणजे मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतात. गांधाराला षड्ज मानले, तर मालकंसाचे. पंचमाला मानले, तर दुर्गाचे. आणि धैवताला मानले, तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानीचे. गिटारवादक ज्याला ‘मायनर पेंटॅटॉनिक’ म्हणतात, ते हे धानीचेच स्वर होत. त्यांत तीव्र मध्यमाचा स्पर्श मिळविला की ब्लूजचे सप्तक तयार होते.

सात स्वरांचीही तीच कथा आहे. पाश्चात्यांचे ‘मोड’ म्हणजे एकाच सप्तकाच्या मूर्च्छना. आयोनियन म्हणजे आपला बिलावल थाट, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज आणि एओलियन म्हणजे आसावरी. सातवा लोक्रियन; त्यात शुद्ध पंचमच नसल्यामुळे भातखंड्यांच्या दहा थाटांत त्याला स्थान नाही. उलट भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे आपले चार थाट या सात मोडांत सापडत नाहीत. ज्या विद्यार्थ्याला सहा थाट कानाने ओळखता येतात, त्याचे अर्धे काम झालेले आहे. त्याला केवळ ग्रीक नावे नवी शिकावयाची आहेत.

पाच स्वर सुरक्षित का, आणि अपुरे का

येथवर सारे सोपे वाटते, आणि येथेच पुष्कळ विद्यार्थी अडकून पडतात. म्हणून थोडे खोलात गेले पाहिजे.

बिलावलाच्या सात स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर दोनच ठिकाणी आहे : ग आणि म यांच्यामध्ये, तसेच नि आणि वरचा सा यांच्यामध्ये. भूपात म आणि नि हे दोन्ही वर्ज्य आहेत. म्हणजे जेथे जेथे घासाघीस होण्याचा संभव, ती दोन्ही ठिकाणे काढून टाकलेली आहेत. नवशिका कोठेही थांबला तरी फारसे वाईट लागत नाही, याचे कारण हे आहे. पाच स्वरांची सुरक्षितता हा त्यांचा गुण आहे.

परंतु जॅझमध्ये तानपुऱ्यासारखा अचल आधार नसतो. गाण्याखालची जमीन, म्हणजे कॉर्ड, सतत बदलत असते. सर्वांत जास्त आढळणारी चाल घ्या. षड्ज सी मानू. पहिली कॉर्ड रे-म-ध-सा, दुसरी प-नि-रे-म, तिसरी सा-ग-प-नि. पहिलीतून दुसरीत जाताना सा अर्धा स्वर उतरून नि होतो; दुसरीतून तिसरीत जाताना म अर्धा स्वर उतरून ग होतो. ऐकणाऱ्याला ‘आता जागा बदलली’, ‘आता घर आले’ असे जे जाणवते, ते प्रामुख्याने या दोन पावलांमुळे. म आणि नि हेच तणाव उत्पन्न करणारे स्वर आहेत, आणि भूपात नेमके तेच नाहीत. म्हणून केवळ पाच स्वर वाजविणारा वादक चुकत नाही, पण काही सांगतही नाही. खालची जमीन बदलली हे त्याच्या वादनातून कळत नाही.

विद्यार्थ्याची वाट यातूनच ठरते. प्रथम पाच स्वरांत निर्भय व्हावे. मग प्रत्येक कॉर्डचा गांधार, म्हणजे तिच्या मूळ स्वरापासूनचा तिसरा स्वर, शोधून सम आल्यासारखा त्यावर उतरावयास शिकावे. वरील चालीत हे तीन मुक्काम म, नि आणि ग असे येतात. दोन मुक्कामांमधला प्रवास पाच स्वरांचा, आणि मुक्काम कॉर्डचा, एवढे साधले की वादन बोलू लागते.

अभ्यासाचे एक उदाहरण

माइल्स डेव्हिस यांच्या 1959 सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘सो व्हॉट’ ही रचना अभ्यासाला फार चांगली. तीत कॉर्डची धावपळ नाही. 32 मापांचे एक आवर्तन. पहिली 16 मापे डी डोरियन, पुढील 8 मापे अर्धा स्वर वर, म्हणजे ई फ्लॅट डोरियन, आणि अखेरची 8 पुन्हा डी डोरियन. आपल्या भाषेत हा काफी थाट झाला, मात्र मध्येच षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि परत येतो.

आपली तीच आकृती दहाव्या पडद्यावर धरली की डी षड्जाचे धानीचे स्वर मिळतात. मधल्या आठ मापांसाठी संपूर्ण हात एक पडदा पुढे, आणि पुन्हा मागे. एवढ्यावर सुरुवात होते. त्यानंतर पहिल्या 16 मापांत तीच आकृती पाचव्या पडद्यावर धरून पाहावी : डी षड्ज मानल्यास मध्यमाद सारंगाचे स्वर येतात. बाराव्या पडद्यावर धरली, तर दुर्गाचे. तिन्ही स्वरसमूह काफी थाटात सामावलेले आहेत, म्हणून तिन्ही चालतात. पण धानीतील कोमल गांधार गंभीरता आणतो, तर दुर्गातील शुद्ध धैवत मोकळेपणा. एका आकृतीच्या तीन जागा कळल्या की विद्यार्थ्याच्या हाती तीन रंग येतात.

येथे लयीचा विचार विसरू नये. 32 मापे, प्रत्येकी 4 मात्रा, म्हणजे एकूण 128 मात्रा; त्रितालाची बरोबर 8 आवर्तने. स्वर चुकले तर जॅझमध्ये निभावते, पण आवर्तनात आपण कोठे आहोत हे हरवले तर निभावत नाही. ज्याने हातावर टाळी-खाली धरून ताल मोजला आहे, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही. मात्र जॅझमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे पडत नाहीत, पहिला लांब व दुसरा आखूड असतो, आणि वजन बहुधा दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येते. हा झोका पुस्तकातून येत नाही. ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवूनच येतो.

सावधगिरीचे दोन शब्द

पहिला असा की, स्वर म्हणजे राग नव्हे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच. पण भूपात गांधार वादी, देसकारात धैवत, आणि चलन निराळे. म्हणून ‘डोरियन म्हणजे काफी राग’ असे म्हणणे भूपाला देसकार म्हणण्याहून मोठी चूक होईल. थाट आणि मोड हे स्वरांचे कोठार आहे. त्यातून वाक्य बनविणे ही रागाची एक रीत, जॅझची दुसरी.

दुसरा वाद्याविषयी. गिटारचे पडदे समान अंतराच्या बारा स्वरांचे असतात. त्यावरील गांधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि लांब मींड पडद्यांमुळे अडते. ब्रिजभूषण काबरा यांनी पडद्यांऐवजी तारांवर पोलादी दांडी सरकवून ही अडचण दूर केली. 1967 सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला तीच गिटार आहे. जॅझ शिकणाऱ्याने मात्र पडद्यांचा स्वीकार करावा. कॉर्डसाठी ते आवश्यकच आहेत.

मग उपज शिकवता येते काय?

अमेरिकन गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. चार्ली ख्रिश्चन यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांनी त्यांचे वादन स्वराला स्वर लावून पाठ केले, आणि सुरुवातीला तेच वाजवून काम मिळविले. स्वतःची वाणी त्यानंतर आली. आपल्या घराण्यांतील तालीम याहून वेगळी कोठे आहे? गुरूची तान आधी गळ्यात बसते, मग एके दिवशी तिला आपली फांदी फुटते.

तेव्हा विद्यार्थ्यांनी रोज थोडेच करावे, पण असे करावे : जे वाजवावयाचे ते आधी गावे; एकाच तारेवर सरगम शोधावी; दोन मापे वाजवून दोन मापे थांबावे; आणि महिन्यातून एक आवडते वादन कानाने उतरवून घ्यावे. पालकांनीही गिटारला वेळेचा अपव्यय समजू नये. आकृत्या, थाट, मोड हे व्याकरण आहे, आणि व्याकरण शाळेत शिकविता येते, हे या शहराने 1886 पासून सिद्ध केलेले आहे. बोलण्यासारखे काही मनात असणे हे मात्र ऐकण्याने, जगण्याने आणि धीराने येते. शिक्षकाचे काम एवढेच की, ते आले त्या दिवशी विद्यार्थ्याची बोटे आणि कान तयार असावेत.