शाळा बंद असताना शिक्षण : खानदेशातून पाहताना

मार्च 2020 च्या तिसऱ्या आठवड्यात राज्यातील शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा राहिला, तो राहिलाच. वसतिगृहातील मुले पत्र्याच्या पेट्या घेऊन आपापल्या गावी गेली. कुणी शिरपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यांवर, तर कुणी तापीकाठच्या गावांत. पंधरा दिवसांत परत भेटू, असे सांगून आम्ही त्यांना निरोप दिला होता. मध्यंतरी वर्ग थोडे उघडले, पुन्हा मिटले. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग सर्वत्र सुरू झाले ते 4 ऑक्टोबर 2021 रोजी आणि पहिली ते चौथीचे 1 डिसेंबर 2021 रोजी. म्हणजे जे मूल पहिलीत अक्षर गिरवत होते, ते प्रत्यक्ष वर्गात परतले तेव्हा तिसरीत होते.

या काळात जे काही शिकवले गेले त्यास दूरस्थ शिक्षण असे नाव पडले. हे शिक्षण कसे चालते, कोठे अडते आणि पुन्हा असा प्रसंग आल्यास आपण काय करावे, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर ठेवावा, असे आम्हांस वाटले.

हा प्रयोग जगात प्रथमच झाला, असे समजण्याचे कारण नाही. 1937 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओच्या साथीमुळे शाळा उघडता आल्या नाहीत. तेव्हा तेथील शिक्षण खात्याने सहा रेडिओ केंद्रांवरून तिसरी ते आठवीच्या सुमारे सव्वातीन लाख मुलांसाठी पाठ प्रसारित केले. कोणता पाठ किती वाजता आणि त्यावर कोणते प्रश्न, हे सकाळच्या वृत्तपत्रांत छापून येई. परंतु आम्हांस यातील तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शंका विचारण्यासाठी पालकांना दूरध्वनीची सोय केली होती आणि तो उचलण्यासाठी शिक्षक बसवले होते. आवाज, कागद आणि उत्तर देणारा माणूस अशी ती योजना होती. तरीही ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता किंवा लहरी नीट पोहोचत नव्हत्या, ती मुले मागे राहिलीच.

महाराष्ट्रातही प्रयत्न थोडे झाले नाहीत. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मोबाइलवरून पाठवली. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघर जिल्ह्यातील मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपक फिरवून ‘बोलकी शाळा’ भरवली गेली. शेवटचे दोन प्रयोग आम्हांस अधिक जवळचे वाटतात, कारण त्यांनी आधी मुलाच्या दारात काय आहे ते पाहिले आणि मग साधन निवडले.

कारण आपल्याकडे दारात काय होते? सप्टेंबर 2020 च्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील सुमारे 62 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. हा आकडा ऐकून अनेकांना समाधान वाटले. पण घरी फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत फार अंतर आहे. फोन बापाच्या खिशात, बाप शेतात किंवा ऊसतोडीला गुजरातेत. सायंकाळी तो घरी आला तर रिचार्ज संपलेला. घरात तीन भावंडे असतील तर आधी थोरल्या मुलाचा मान, मुलीची पाळी शेवटी. ऑगस्ट 2021 मध्ये ज्याँ द्रेझ आदी अभ्यासकांच्या पुढाकाराने पंधरा राज्यांतील गरीब वस्त्यांत पाहणी झाली. ग्रामीण भागातील अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी मुले 4 टक्के, तर इतर समाजांतील 15 टक्के होती. वस्त्या गरीबच, तरीही एवढी तफावत! जात गावाच्या नकाशात असते तशी ती मोबाइलच्या जाळ्यातही असते, हे आपल्या समाजास नव्याने सांगण्याची गरज नाही.

दुसरी अडचण भाषेची होती. तिच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. आपल्या मुलांच्या घरी अहिराणी, पावरी, भिली बोलली जाते. वर्गात शिक्षक प्रमाण मराठीतील वाक्य वाचतो, समोरच्या चेहऱ्यांकडे पाहतो आणि न कळल्याची छाया दिसताच तीच गोष्ट अहिराणीत सांगतो. हे भाषांतर कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसते. पडद्यावरील शिक्षकाला चेहरा दिसत नाही. म्हणून तो थांबत नाही. चौथीपर्यंतच्या मुलांची हानी सर्वाधिक झाली, त्याचे एक कारण आम्हांस येथे दिसते.

आमच्या शिक्षकांनी जे केले ते साधे होते. प्रत्येक मुलासाठी आठवड्याचा स्वाध्याय कागदावर तयार करून गावोगावी पोहोचवला आणि पुढील आठवड्यात तपासून परत दिला. फोनची वेळ सायंकाळी सात ते नऊ ठेवली, कारण तेव्हाच फोन घरी असे. त्यासाठी साधा फोनही चाले. जेथे आमचा एखादा माजी विद्यार्थी होता, तेथे त्याने बुद्धविहाराच्या ओट्यावर किंवा झाडाखाली पाच-सहा मुलांना अंतर राखून बसवले. ज्या गावी असा कोणी होता तेथील वह्या भरून येत. जेथे नव्हता तेथील कागद कोरे येत किंवा येतच नसत. या भेदाचे कारण यंत्रात शोधून सापडणार नाही.

शासनाने 2020-21 साठी पाठ्यक्रम 25 टक्के कमी केला, 2021 ची दहावीची परीक्षा रद्द केली; निकाल 99.95 टक्के लागला. त्या वर्षी 1 जुलैपासून 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रमही आखला गेला. हेतू चांगला होता, पण तोही बहुतेक ठिकाणी फोनवरूनच पोहोचवावा लागला. ज्या पुलावरून मुले आली नव्हती त्याच पुलावर पुन्हा भार! 2018 मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील 50.5 टक्के मुले दुसरीचा पाठ वाचू शकत. 2022 मध्ये ती 42.8 टक्के उरली. 99.95 आणि 42.8 हे दोन आकडे वेगवेगळ्या इयत्तांचे आहेत, तरी ते शेजारी ठेवून पाहावेत.

खंड पडलेले शिक्षण पुन्हा जोडता येते का? बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे आठवतो. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले; पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते युद्धात बुडाले. परंतु चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मधल्या काळात सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून त्यांनी पैसा जमवला, 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांची जिद्द आपण नेहमीच सांगतो. परतीची जागा त्यांनी राखून ठेवली होती, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. आपल्या मुलांपैकी जी कामाला लागली, ज्या मुलींची लग्ने उरकली गेली, त्यांची नावे पटावर राहिली तरी त्यांना बोलावण्यास कोणी गेले नाही, अशी गावे या परिसरात आहेत. शाळा सुटलेल्यांसाठी दहावी-बारावीचा सतरा नंबरचा अर्ज आहे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. पण पाड्यावरील पालकास हे सांगणार कोण?

साथ पुन्हा येईल की नाही, कोण सांगणार? पण अतिवृष्टी, पूर, पाणीटंचाई यांपैकी कोणत्याही कारणाने शाळा महिनाभर बंद पडू शकते. म्हणून वर्ष सुरू होतानाच प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन नोंदी असाव्यात, असे आम्ही सुचवतो : घरातील फोन कोणाकडे व किती वाजता असतो, घरी कोणती बोली बोलतात, आणि गावात वही तपासू शकेल असा माणूस कोण. पहिल्या दोन नोंदी आम्ही प्रवेशाच्या वेळी पालकांकडून घेऊ शकतो. तिसरा रकाना माजी विद्यार्थ्यांनी भरावयाचा आहे. गावनिहाय वही कार्यालयात ठेवली आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती प्रवेशद्वाराजवळील टेबलावर असेल.