उंचीआधी अंतर मोजा : जुन्या वस्तीतलं नवं बांधकाम

धुळ्यात बोलायचं आहे, तर सुरुवात गल्लीपासूनच करतो. आपल्याकडे गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. बाहेरगावचा पाहुणा हसतो, पण पत्ता चुकत नाही. पांझरेकाठचं जुनं धुळे वेगळं आणि सरळ रस्त्यांची ही पेठ वेगळी. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला, त्यानंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या काळात ही आखणी सुरू झाली. पुष्कळ जण तिचं श्रेय विश्वेश्वरय्यांना देतात. त्यांचा तर जन्मच १८६१चा. ते आपल्या भागात आले, पण पांझरेवर दातर्तीला पाण्याच्या सायफनचं काम करायला. असो.

आता अशा गल्लीत कुणाला धाब्याचं जुनं घर उतरवून चार मजले चढवायचे असतात. माझ्याकडे येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "किती उंच जाता येईल?" मी उलट विचारतो, "भाऊ, घरासमोर रस्ता किती फुटांचा? आणि तीनशे मीटरच्या आत एखादं संरक्षित स्मारक आहे का?" या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय उंचीवर बोलण्यात अर्थ नाही.

रस्त्याचं आधी संपवू, ते सोपं आहे. मुंबईच्या १९९१च्या नियमावलीत सरळ हिशेब होता : रस्त्याची रुंदी अधिक समोरची मोकळी जागा, त्याची दीडपट एवढी उंची. वॉशिंग्टन शहरात १९१०चा कायदा आहे, तिथे रस्त्याची रुंदी अधिक वीस फूट. लोक सांगतात की संसदेच्या घुमटापेक्षा उंच जाऊ नये म्हणून तो कायदा केला. खरं कारण साधं होतं. एक फार उंच इमारत उभी राहिली आणि आगीच्या बंबाची शिडी तिथवर पोचेल का, ही काळजी पडली. धुळ्यात आता २०२० पासून राज्याची एकत्रित नियमावली लागू आहे. तिचे आकडे वेगळे आहेत, पण तत्त्व तेच. रस्ता अरुंद तर चटई क्षेत्र कमी, रस्ता नऊ मीटरपेक्षा रुंद असेल तर वाढीव मिळण्याची वाट खुली. त्यामुळे आग्रा रोडवरचा प्लॉट आणि आतल्या बोळातला प्लॉट, क्षेत्रफळ एकच असलं तरी त्यांचा नकाशा एक होत नाही.

वारशाचा नियम मात्र आपोआप लागत नाही. घर दीडशे वर्षांचं आहे, दाराला नक्षी आहे, म्हणून कुणी अडवत नाही. वास्तू किंवा परिसर वारसा यादीत असावा लागतो. मुंबईत १९९५ साली अशी यादी आणि तिची समिती आली, देशात पहिल्यांदा. म्हणून महापालिकेत गेलात की नगररचना विभागात पहिलं हे विचारा : आमची गल्ली यादीत आहे का? मला स्वतःला वाटतं की आपल्या पेठेचा काही भाग परिसर म्हणून नोंदवायला हवा. पण वाटणं वेगळं आणि नोंद वेगळी. नोंद नसेल तर शेजाऱ्याचा वाडा पाडताना बघण्यापलीकडे आपल्या हातात काही नसतं.

आता खरा अवघड भाग. शहरातून बाहेर पडा. साक्री तालुक्यात बळसाणे आहे. तिथली जुनी दगडी मंदिरं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तेच गाव जैन तीर्थक्षेत्रही आहे, म्हणजे खोल्या, निवास, दुकानं यांना मागणी आलीच. तापीकाठी थाळनेरला फारुकी घराण्याच्या कबरी आहेत, त्याही केंद्राकडे. अशा ठिकाणी १९५८चा स्मारक कायदा लागतो, २०१०च्या दुरुस्तीसह. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र. त्याच्या पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. हे दोनशे शंभरानंतरचे आहेत, एकूण तीनशे. आणि मोजायचं मंदिराच्या भिंतीपासून नाही, संरक्षित जागेच्या हद्दीपासून. दोन-पाच मीटरांनी माणूस आत किंवा बाहेर पडतो. म्हणून टेप घेऊन स्वतः मोजू नका, पुरातत्त्व खात्याच्या नकाशावर बघा.

शंभराच्या आत उंचीचा प्रश्नच उरत नाही. नवं बांधकाम नाही, एक मजलाही नाही. २०१०नंतर सार्वजनिक कामालाही तिथे परवानगी देता येत नाही. पुढच्या दोनशे मीटरात परवानगी मिळते, पण सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जावं लागतं. त्या पत्रात उंची लिहून येते, आणि इथेच लोक फसतात.

एक हिशेब करून दाखवतो. जोतं ०.६ मीटर, तळमजला अधिक तीन, प्रत्येकी ३ मीटर. झाले १२.६. पालिकेच्या हिशेबात उंची साधारण एवढीच, कारण जिन्याची खोली, कठडा, पाण्याची टाकी त्यात धरत नाहीत. प्राधिकरणाच्या पत्रात उंची लिहितात ती हे सगळं धरून. जिन्याची खोली अडीच मीटर, तिच्यावर टाकी दीड मीटर : झाले १६.६. समजा, पत्रात १५ मीटर लिहून आले. तुमचा स्लॅब नियमात बसतो, टाकी बसत नाही. माझ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी असंच केलं. शेवटी टाकी खाली उतरवून पंप लावला आणि जिन्याची खोली तोडून उघडी शिडी ठेवली. घर झालं, पण खर्च दुप्पट आणि मनस्ताप वेगळाच. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही लक्षात असू द्या.

वेळ होत आला आहे, प्रश्न घेऊ. मागून एका काकूंनी विचारलंय : "आमचं घर शंभर मीटरच्या आतच आहे, सासऱ्यांच्या वेळचं. छत गळतंय. हातच लावायचा नाही का?"

लावायचा, काकू. घर १६ जून १९९२च्या आधीचं असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. त्या दिवसाच्या अधिसूचनेनं शंभर आणि दोनशे मीटर ठरले. म्हणून घर त्याआधीचं आहे हे दाखवणारं काहीतरी हवं : घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिल, सिटी सर्व्हेचा उतारा. हे कागद आज घरी गेल्यावर शोधायला लागा. अर्ज आल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याला पंधरा दिवसांत तो पुढे पाठवायचा असतो, प्राधिकरणाला दोन महिन्यांत मत द्यायचं असतं, नंतर महिनाभरात तुम्हाला उत्तर. कागदावर हे साडेतीन महिने होतात. म्हणजे पावसाळ्याआधी छत करायचं तर अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका. आणि अर्जात 'दुरुस्ती' म्हटलंत की दुरुस्तीच करा. त्याच कागदावर वर एक खोली चढवलीत, तर ते नवं बांधकाम धरलं जाईल.