चाकोरी, कासरा आणि उलाळ : धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी मुलांच्या वाहनशिक्षणाविषयी

‘चाकोरी’ हा शब्द आज आपण बहुधा निंदेच्या अर्थाने वापरतो. चाकोरीतला विचार, चाकोरीतले जीवन असे म्हणताना मूळ वस्तूचा आपल्याला विसर पडलेला असतो. ही वस्तू पाहावयाची असेल तर कळंब, वाशी किंवा परंडा तालुक्यातील एखाद्या काळ्या शिवारात पावसाळा सरल्यावर जावे. ओल्या जमिनीतून एकामागून एक गेलेल्या गाड्यांनी दोन समांतर खोल रेघा पाडलेल्या असतात आणि ऊन लागताच त्या दगडासारख्या टणक होतात. या रेघांत चाक एकदा पडले, की गाडी हाकणाऱ्याला फारसे काही करावे लागत नाही; वाटच गाडीला नेते. गावच्या नकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखविलेली गाडीवाट प्रत्यक्षात असते ती अशी. या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती पहिल्या प्रथम कासरा येतो तो याच वाटेवर, आणि म्हणून चाकोरी ही त्याची पहिली शिक्षिका होय असे म्हणावयास हरकत नाही.

डांबरी रस्त्यापासून दूर, शेताच्या वाटेवर आणि प्रत्यक्ष शेतात वाहन हाकण्याचे शिक्षण लहान मुलांना कसे मिळते, त्यात सुरक्षिततेची सोय कोठे असते आणि आनंदाची कोठे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आल्यापासून त्याच्याशी मुलांच्या जिवाचा संबंध जडला आहे, आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने याकडे केवळ अपघाताची बातमी म्हणून पाहणे पुरेसे नाही.

बैलगाडीचे शिक्षण कोणी ‘देत’ नाही; ते घडत जाते. पाच-सहा वर्षांचे मूल प्रथम बैलांना पाण्यावर नेणाऱ्याच्या मागे चालते. जनावराच्या कोणत्या अंगाने जावे, मागून अचानक का जाऊ नये, वेसणीला केव्हा हात घालावा, हे त्याला गाडी हाकण्याच्या कितीतरी आधी कळलेले असते. पुढे ते आजोबांच्या दोन गुडघ्यांमध्ये बसून कासऱ्याचे मोकळे टोक धरते. कासरा खरोखर असतो आजोबांच्याच मुठीत. पण आपणच गाडी हाकीत आहोत अशी मुलाची खात्री झालेली असते, आणि ती मोडण्याचे कोणाला कारण नसते. त्यानंतर शेतावरून परतताना रिकाम्या गाडीचा कासरा त्याच्या हाती येतो. परतीचीच वेळ का, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दावणीची ओढ लागलेल्या बैलांना वाट सांगावी लागत नाही, गाडीत ओझे नसते, आणि चूक झाली तरी ती बैलच सुधारतात. जाताना हाकण्याचा मान त्यानंतरचा, भरल्या गाडीचा त्याहून उशिराचा. कडब्याची गाडी आणि ओढ्यातली उतरण यांचा अधिकार तर मिसरूड फुटल्याखेरीज सहसा मिळत नाही.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली शिकाऊ उमेदवारीचा जो सिद्धांत मांडला, त्याचे हे जणू पाठ्यपुस्तकातील उदाहरणच आहे. नवशिका कामाच्या कडेवर उभा असतो. त्याला दिलेले काम लहान असले तरी खोटे नसते. आणि कडेवरून मध्याकडे तो हळूहळू सरकतो. तथापि या दोघांनी पाहिलेल्या शिंपी, सुईणी वगैरे मंडळींच्या उमेदवारीत आणि आपल्या उदाहरणात एक मोठा भेद आहे. येथे गुरू एक नसून तीन आहेत : आजोबा, वाट आणि बैल.

बैलाचे गुरुत्व ही अलंकाराची भाषा नव्हे. या भागात देवणी व लाल कंधारी, पश्चिमेकडे खिलार अशी जनावरे आढळतात. खिलार चपळ आणि तापट, देवणी त्या मानाने शांत, हे शेतकऱ्याला ठाऊक असते आणि मुलाला बैल देताना तो ते विसरत नाही. गोऱ्हा जुंपावयास शिकवायचा तर त्याचा जोडीदार म्हणून मुरलेला बैल घेतात. मुलाला शिकवायचे तर दोन्ही बैल मुरलेले घेतात. नवा हाकणारा आणि नवा बैल एका गाडीला कधीही एकत्र येऊ देत नाहीत. हा नियम कोठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला गावात कोणी शहाणे म्हणत नाही. पुढे खड्डा असला, वाटेत माणूस पडलेला असला, तर बैल थबकतो. म्हणजे मुलाच्या निर्णयामागे आणखी एक निर्णयशक्ती उभी असते, आणि तिला स्वतःच्या जिवाची काळजी असते.

आता उलाळीकडे वळू. दुचाकी गाडीचा सारा भार एका आसावर तोललेला असतो. ओझे आसाच्या मागे अधिक झाले, की धुरा वर उचलली जाते, जू मानेवरून उठते आणि गळ्याखालचे जोते बैलांच्या गळ्यात रुतते. यालाच गाडी उलाळणे म्हणतात. उलट ओझे पुढे अधिक झाले, तर गाडी धुरजड होऊन सारा भार मानांवर येतो. सपाटीवर नीट भरलेली गाडीही चढाला लागताच उलाळू पाहते, कारण आसाच्या वर असलेला गुरुत्वमध्य चढावर मागे सरकतो. उतरणीला तोच पुढे येतो. म्हणून जाणता गाडीवान चढाला पुढे सरकून बसतो आणि उताराला मागे. बालाघाटच्या डोंगरकडांजवळच्या गावांतील दहा वर्षांच्या मुलाला हे करताना पाहावे. गुरुत्वमध्य हा शब्द त्याने ऐकलेला नसतो, पण त्याची जागा कोठे आहे हे त्याच्या बैठकीला माहीत असते.

हे ज्ञान त्याला बरेचसे खेळातून आलेले असते. ज्वारीच्या धांड्यांची गाडी करून तिच्यावर माती, खडे भरणे हा या भागातील मुलांचा जुना उद्योग आहे. गाडी मागे कलंडली की खडे पुढे सारावयाचे, एवढा प्रयोग प्रत्येकाने केलेला असतो. खेळ संस्कृतीच्या आधीचा आहे, असे योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली मांडले. मोठ्या प्रमेयात न शिरता एवढे तरी म्हणता येईल, की खऱ्या गाडीत मूल चढते तेव्हा उलाळीशी त्याची ओळख झालेली असते.

आनंदाचा विचार या शिक्षणात बाहेरून आणावा लागत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळअमावास्येला, हा जिल्हा आणि शेजारचा लातूर जिल्हा शब्दशः शेतात जाऊन बसतो. रबीची ज्वारी उभी असते. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते. भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे यांचे जेवण होते. पूर्वी या दिवशी घरातील लहानथोर सारी मंडळी गाडीने निघत, आणि सामानाच्या मोठ्या गाडीपुढे एखादा हलका छकडा असला तर त्याचा कासरा हमखास घरातील मुलाकडे जाई. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेलाही दूरदूरच्या गाड्या येत. अशा दिवशी मिळालेला कासरा मुलाच्या आयुष्यभर लक्षात राहतो, कारण ते पाहणारे प्रेक्षक त्याला मिळालेले असतात. मुलींच्या हाती मात्र या दिवशीही आंबिलीचे भांडे येई, कासरा क्वचितच. या शिक्षणपद्धतीचे गुण गाताना तिने निम्म्या मुलांना वाटेवरच ठेवले, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही.

तसेच ही पद्धती निर्धोक होती असेही कोणी समजू नये. चालत्या गाडीतून पुढच्या बाजूने उडी टाकणारे मूल थेट चाकाखाली जाते; म्हणून ‘उतरायचे ते मागून’ हा पहिला धडा. धुरेवर बसून पाय सोडणे, उभ्याने हाकणे, घराकडे धावणाऱ्या बैलांना आणखी डिवचणे यांबद्दल मार बसे. परंतु या धोक्यांचा वेग माणसाच्या चालीचा होता. मोठ्या माणसाला खाली उडी टाकून वेसण धरण्यापुरता अवधी बहुधा मिळे.

ट्रॅक्टरने नेमका हा अवधी काढून घेतला. नेहमीच्या दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरमध्ये वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग मागच्या चाकांवर असतो. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या थोडाच पुढे असतो. चढावर तो आणखी मागे जातो. मागची चाके काळ्या चिखलात रुतली असता क्लच एकदम सोडला, किंवा ओढावयाची साखळी नेमून दिलेल्या जागेहून उंच बांधली, तर चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरू लागतो आणि पुढची चाके उचलली जातात. ही उलाळच आहे. फरक इतकाच, की गाडीची उलाळ डोळ्यांदेखत, करकरत येते आणि बैल तिची वर्दी देतात. ट्रॅक्टर पूर्ण पालथा होण्यास सुमारे दीड सेकंद पुरतो आणि सावरण्याची संधी त्याच्या निम्म्या वेळातच संपते. नव्या ट्रॅक्टरांना चालकाचे रक्षण करणारी मजबूत चौकट असलीच पाहिजे असा दंडक स्वीडनने १९५९ सालीच घातला तो याच कारणाने. दुसरा धोका मागच्या फिरत्या दांड्याचा, ज्याला शेतकरी पी. टी. ओ. म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शर्टाचे टोक किंवा ओढणी त्यात सापडल्यावर ‘थांबव’ हा शब्द उच्चारून होईपर्यंत काय होईल, हे वाचकाने स्वतः मोजावे.

येथवरचा भाग यंत्रशास्त्राचा झाला. शिक्षणशास्त्राला ज्याचे महत्त्व वाटावे ती गोष्ट पुढेच आहे. बैलगाडीत दोघांना बसता येते. गुरू आणि शिष्य एकाच फळीवर, एकाच कासऱ्यामागे असतात. ट्रॅक्टरला आसन एकच. शेजारी बसून शिकविण्याची जी पिढीजात रीत, तिला या यंत्रावर जागाच ठेवलेली नाही. बाप हाकीत असता मूल मडगार्डवर बसलेले आपण सर्रास पाहतो आणि त्याला निष्काळजीपणा म्हणतो. तो आहेच. पण माझ्या मते तो केवळ निष्काळजीपणा नसून जुन्या अध्यापनपद्धतीचे नव्या वाहनावर केलेले चुकीचे रोपण आहे. आजोबांनी बापाला जसे गुडघ्यात घेतले, तसेच बाप मुलाला घेऊ पाहतो. ज्याला तो शिकविणे समजतो, त्या जागेवरून एका धक्क्यासरशी मूल मागच्या मोठ्या चाकाखाली येते. अशा बापाला ‘हे करू नका’ एवढेच सांगून भागत नाही. मग शिकवावे कोठून, याचे उत्तर त्याला द्यावे लागते.

कायद्याचे उत्तर अंशतःच उपयोगी पडते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ट्रॅक्टर चालविण्यास वयाची १८ वर्षे पुरी झालेली असली पाहिजेत. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड सांगितला असून वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते व त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. परंतु हा कायदा सार्वजनिक ठिकाणचा आहे. बांधाच्या आत, स्वतःच्या रानात, काय करावे याविषयी तो मुख्यतः मूक आहे; आणि उलाळ होते ती बहुधा बांधावर व ओढ्याच्या काठीच. शिवाय येथील जमिनी तुकड्या-तुकड्यांच्या. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना पाणंद किंवा गावरस्ता ओलांडावाच लागतो, आणि त्या पाच-पन्नास पावलांत मूल कायद्याच्या कक्षेत येऊन पुन्हा बाहेर पडते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००१ च्या शेतीविषयक १८४ व्या करारात धोक्याच्या कामासाठी किमान वय १८ धरले आहे. योग्य प्रशिक्षण दिले असल्यास आणि आरोग्य व सुरक्षिततेचे पूर्ण संरक्षण असल्यास १६ ची सवलत ठेवता येते. वयाची रेघ आखणे आवश्यक आहे, पण रेघेच्या अलीकडच्या वर्षांत मुलाने काय शिकावे हा प्रश्न तिने सुटत नाही.

तो सोडविण्याचा एक मार्ग उत्तर अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, शेतीतील मुलांच्या कामांविषयीच्या मार्गदर्शिकांत दिसतो. त्यांत वयापेक्षा कामाचे विश्लेषण महत्त्वाचे मानले आहे : या कामाला हाताचा केवढा पल्ला लागतो, किती वेळ लक्ष टिकावे लागते, अचानक बदलले तर निर्णय घेता येतो काय. आपल्या आजोबांनीही नकळत हेच प्रश्न विचारले होते. मुलाचा पाय क्लचपर्यंत पोहोचतो, परंतु आसनावरून न उठता तो पूर्ण दाबला जातो काय, हा फरक जाणून घेण्यासाठी यंत्र सुरू करावे लागत नाही.

जुन्या क्रमातील जे टिकविता येईल ते यावरून ठरवता येते. बंद ट्रॅक्टरवर चढणे-उतरणे, क्लच, ब्रेक आणि चावी यांची ओळख, साखळी कोठे बांधावी आणि का, चढावर वजन कोठे जाते, फिरत्या दांड्यापासून किती दूर उभे राहावे : हे सारे धांड्यांच्या गाडीइतके निरुपद्रवी आहे आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्यात गोडीही वाटते. उलाळीचा अनुभव ज्याला आहे त्याला ट्रॅक्टर का पालथा होतो हे दोन वाक्यांत समजते. ज्याने बैलगाडी पाहिलेलीच नाही त्याला दहा वाक्ये लागतात. ओढीच्या बैलांची संख्या वर्षागणिक घटत असता ही दुसऱ्या प्रकारची मुले वाढत जाणार हे उघड आहे. प्रत्यक्ष चालविण्याची पाळी आल्यावर शिकविणाऱ्याची जागा मडगार्डवर नव्हे, तर जमिनीवर, चाकापासून दूर आणि चालकाच्या नजरेसमोर असावी. शेत सपाट व कोरडे असावे. मागे अवजार नसावे. आणि हाताच्या चार-दोन खुणा आधीच ठरलेल्या असाव्यात.

यात एक उणीव राहते आणि ती मान्य केली पाहिजे. दुरून खुणा करणाऱ्या बापात आणि गुडघ्यात घेणाऱ्या आजोबांत आनंदाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. ज्यांच्या घरी अजून जोडी आहे, त्यांनी वेळअमावास्येला ती जुंपावी आणि परतीच्या वाटेवर कासरा मुलाकडे, आणि या खेपेस मुलीकडेही, द्यावा. त्या दिवशी ट्रॉलीत दाटीवाटीने बसून शेतावर जाणाऱ्या कुटुंबांत मडगार्डवरची जागा मुलांना सर्वांत हवीहवीशी वाटते. ती कोणालाच द्यावयाची नाही, हे घरातून निघण्यापूर्वी ठरलेले असावे, कारण पाणंदीच्या तोंडाशी आल्यावर मुलाला खाली उतरविणे फार कठीण जाते.