फिजिक्स मेजर घेतलंय, पण मायनर कोणता? फॉर्म भरण्याआधी हे वाचा

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपत आलं की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विषय निवडीचा फॉर्म येतो. भरायला दोन-तीन दिवसांचीच मुदत. फिजिक्स मुख्य विषय, म्हणजे मेजर, घेणारी बरीच मुलं मित्रानं काय भरलं ते बघतात आणि तेच भरून मोकळी होतात. जोडीच्या विषयात, म्हणजे मायनरमध्ये, पहिला बळी जातो तो गणिताचा. अवघड जातं, मार्क पडत नाहीत, म्हणून.

नेमकी इथंच गडबड होते. दुसऱ्या वर्षापासून फिजिक्स गणितावरच चालतं. लोलकाचा झोका असो की क्वांटममधलं श्रोडिंजरचं समीकरण, सगळीकडं डिफरन्शियल इक्वेशन सोडवावं लागतं. वीज आणि चुंबकत्व व्हेक्टर कॅलक्युलसशिवाय पुढं सरकत नाही. एम.एस्सी.साठी आयआयटी-जॅम द्यायची म्हटली, तर तिच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमात गणिती पद्धतींचा वेगळा भागच आहे. पदवीला गणित होतं का, हे काही संस्था प्रवेशावेळीही तपासतात. आणि बी.एड. करून शिक्षक व्हायचं असेल, तर गावाकडच्या शाळेत विज्ञान आणि गणित अनेकदा एकाच शिक्षकाकडं असतं.

सगळ्यांनी गणितच घ्यावं असं मात्र नाही. तीन वर्षांनंतर लगेच कामाला लागायचं असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स कामी येतं. सोलर पंपाचा कंट्रोलर, सेन्सर, मोटरचं स्टार्टर ही कामं तालुक्यातही आहेत.

क्रेडिटचा हिशोब मात्र आधी समजून घ्या. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे ४ क्रेडिटची थिअरी ६० तास आणि २ क्रेडिटचं प्रॅक्टिकलही ६० तासच. कागदावर 'फक्त दोन' दिसतं, पण आठवड्याचे चार तास जातात, तेही बहुधा दुपारचे. गावाची शेवटची एसटी पाचला असेल, तर हा प्रश्न मार्कांपेक्षा मोठा ठरतो. मुलींच्या बाबतीत तर घरचे आधी हेच विचारतात. त्यामुळं मायनर भरण्याआधी विभागात जाऊन प्रॅक्टिकलची बॅच किती वाजता सुटते ते विचारावं. गेल्या वर्षीचं वेळापत्रक सीनियरकडं मिळतंच.

कॉलेजात हवा तो विषय नसेल, तर 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवरचे कोर्स आहेत. यूजीसीच्या नियमानुसार एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे ऑनलाइन घेता येतात. पण कोर्स सुरू करण्याआधी कॉलेजची मंजुरी घ्यावी, नाहीतर परीक्षा पास होऊनही क्रेडिट धरलं जाईल याची खात्री नसते.

फॉर्म भरल्यावर स्क्रीनशॉट ठेवावा. विषय बदलायची मुदत असते का आणि किती दिवसांची, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. ते ऑफिसात त्याच दिवशी विचारून घ्यावं.