काचेच्या छिद्रांत बसवलेला पहारा

वाशीच्या एपीएमसी बाजारात भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीच लागतात. नाशिक, पुणे, सातारा भागातली भेंडी, वांगी, फ्लॉवर, कोथिंबीर गाळ्यांवर उतरते आणि उजाडते न उजाडते तोच किरकोळ विक्रेत्यांच्या टेम्पोत चढते. दुपारी ती नेरुळ-बेलापूरच्या स्वयंपाकघरांत फोडणीला पडलेली असते. या भाजीवर कीटकनाशकाचा किती अंश उरला आहे, हे चोख सांगणारी यंत्रे आपल्याकडे आहेत. पण ती महाग आहेत, त्यांना प्रशिक्षित माणूस लागतो आणि नमुना वाटून, गाळून अहवाल हाती येईपर्यंत भाजी पोटात गेलेली असते. आपले घोडे अडते ते वेळेपाशी. गाळ्यावरच, काही मिनिटांत, निदान ‘संशयास्पद’ एवढे तरी सांगणारी चाचणी हवी.

या दिशेने झालेले एक काम वाशीसमोर, ठाणे खाडीच्या पलीकडच्या काठावर, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. जितेंद्र कुमार, एस. एफ. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकासाठी एक जैवसंवेदक प्रसिद्ध केला. फ्लेवोबॅक्टेरियम या जिवाणूकडे या विषाचा रेणू तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. रेणू तुटला की पॅरा-नायट्रोफिनॉल तयार होते आणि ते पिवळे असते. जिवाणूच्या पेशी काचतंतूंच्या गाळणकागदावर बसवल्या, त्यावर नमुन्याचे अवघे 75 मायक्रोलिटर सोडले आणि 410 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजले. चकती स्वस्त, वापरून टाकून देण्याजोगी. 2009 मध्ये याच केंद्रातून कांद्याच्या आतल्या पारदर्शक पापुद्र्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवल्याचे काम प्रसिद्ध झाले. कांदा-बटाट्याच्या बाजारामुळे ओळखल्या जाणाऱ्या वाशीला ते सांगायलाच हवे!

मिथाइल पॅराथिऑनवर भारतात 2018 मध्ये बंदी आली. पण ते ज्या ऑर्गनोफॉस्फेट कुळातले, त्यातली इतर कीटकनाशके शेतात आहेतच, त्यामुळे प्रश्न संपलेला नाही.

अशा संवेदकांची अडचण विकराच्या स्वभावात आहे. विकर हे प्रथिन. त्याची लांबलचक साखळी ठरावीक घडी घालून बसलेली असते आणि तिचे सगळे कसब त्या घडीत असते. उष्णता वाढली, आम्लता बदलली की घडी उलगडते आणि काम थांबते. पृष्ठभागावर नुसते चिकटवलेले विकर धुऊनही जाते. फ्रिजमध्ये जपावा लागणारा संवेदक बाजाराच्या गाळ्यावर काय कामाचा?

इथे काच मदतीला येते, मात्र भट्टीतली नव्हे. खिडकीच्या काचेची भट्टी दीड हजार अंशांच्या आसपास तापते. तिथे प्रथिनाची राख होईल. सोल-जेल पद्धतीत काच पाण्यात, सामान्य तापमानाला घडते. टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट हा द्रव पाण्यात मिसळून त्यात चिमूटभर आम्ल घालतात. हळूहळू त्याचे रेणू पाण्याशी अभिक्रिया करून एकमेकांना जोडले जातात, आणि सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी विणली जाते. मग त्यात विकराचे थंड, आम्लता सांभाळणारे द्रावण ओततात. काही मिनिटांत मिश्रण खरवसासारखे थिजते, आणि विकर जाळीच्या पोकळ्यांत आपोआप कोंडले जाते. जाळी त्याच्याभोवतीच विणली जात असल्याने प्रत्येक रेणूला त्याच्या मापाची खोली मिळते.

यात एक खोच आहे. टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेटचा एक रेणू पूर्ण विघटित झाला की अल्कोहोलचे चार रेणू सुटतात, आणि अल्कोहोल प्रथिनांना मानवत नाही. 1990 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात डेव्हिड अव्नीर आणि सहकाऱ्यांनी अशा काचेत अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर कोंडून ते काम करते हे दाखवले. 1992 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधील गटाने अल्कोहोलचा उपद्रव कमी करून सायटोक्रोम-सी आणि मायोग्लोबिन ही प्रथिने पारदर्शक काचेत बसवली. काच पारदर्शक, म्हणून आतला रंगबदल बाहेरून थेट मोजता येतो. संवेदकासाठी याहून सोयीचे काय असणार?

निसर्गाला हे तंत्र फार पूर्वीपासून साधले आहे. ठाणे खाडीच्या चिखलातल्या डायटम नावाच्या एकपेशीय शैवालांचे कवच सिलिकाचेच असते, तेही छिद्राछिद्रांचे, आणि खाडीच्या कोमट पाण्यात घडलेले.

काचेतली छिद्रे काही नॅनोमीटरची. कीटकनाशकाचा रेणू एक नॅनोमीटरच्या आसपास, तो आत-बाहेर सहज करतो. विकर त्याच्या कित्येक पट मोठे, ते आतच राहते. भिंती जवळ असल्याने घडी उलगडायला जागाही उरत नाही, म्हणून कोंडलेली अनेक प्रथिने उष्णतेत अधिक तग धरतात. याची किंमत वेगात मोजावी लागते. रेणूला अरुंद वाटांतून विकरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून जाड ठोकळ्याऐवजी पातळ थर बरा. जेल वाळताना आकसते आणि तडकते. माझ्या मते या पद्धतीचा खरा कस तडा न जाणाऱ्या थरात लागतो.

बाजारात आणखी एक अडथळा आहे, तो भाजीचाच. कोथिंबीर वाटली की हिरवे हरितद्रव्य उतरते. तेही निळसर-जांभळा प्रकाश शोषते, आणि पॅरा-नायट्रोफिनॉलचा फिकट पिवळेपणा त्यात बुडून जातो. यावर उपाय म्हणजे रंग सोडून वीज मोजणे. पॅरा-नायट्रोफिनॉलचे इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून येणारा प्रवाह हरितद्रव्याच्या रंगाने झाकला जात नाही. विकर धरून ठेवणारा सिलिकाचा पातळ थर इलेक्ट्रोडच्या टोकावरही चढवता येतो, आणि रक्तातली साखर मोजणारे घरगुती यंत्र चालते तेही विकर आणि विद्युतप्रवाह याच जोडीवर.